काडेपेटीचा कोपरा

मीनाक्षीबाईंच्या बालवाडीत आकारांचा तक्ता नव्हता. एकेकाळी होता. कुठल्याशा निवडणुकीच्या आधी एका उमेदवाराने वाटलेला. त्यात त्रिकोणापेक्षा उमेदवाराचा चेहरा मोठा होता. बाईंनी तो उतरवला आणि उलटा करून कपाटाच्या फळीवर अंथरला. आकार ही भिंतीवर टांगून ठेवायची गोष्ट नाही, हातात घेऊन फिरवायची आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि नायगावच्या बीडीडी चाळीत, तळमजल्यावरच्या मंडळाच्या ज्या खोलीत बालवाडी भरे तिथे, हातात घ्यायला वस्तूंना तोटा नव्हता. डब्यांची झाकणं, आयाबायांनी दिलेल्या जुन्या बांगड्या, एक नरसाळं, खडूंची खोकी, आणि मंडळाचा कॅरम. संध्याकाळी त्याच्यावर चाळीतली पोरं तुटून पडत. सकाळी तो भिंतीला टेकून बाईंच्या वाट्याला येई.

शिवाय काडेपेट्या. प्रत्येक मुलाच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली एक रिकामी काडेपेटी असायची, ऑफिसला जाणाऱ्यांच्या गळ्यात ओळखपत्र असतं तशी. काडेपेटीचा कोपरा ज्या कोपऱ्याशी तंतोतंत जुळेल तो शहाणा कोपरा. जुळणार नाही तो वाकडा. काटकोन हा शब्द चार वर्षांच्या मुलांपुढे बाई कधी काढत नसत. मुलं गळ्यातली काडेपेटी हातात धरून जिन्याच्या पायऱ्या तपासत, खिडक्या तपासत, फरशा तपासत, आणि "बसला!" किंवा "नाही बसला!" असं ओरडत चाळभर हिंडत. दाराशी पेपर वाचत बसलेले गंगाधरकाका, ज्यांच्याकडे मंडळाच्या खोलीची किल्ली असे, त्यांच्या पेपरची घडीसुद्धा यातून सुटली नव्हती.

"बाई, रीडेव्हलपमेंटवाल्यांनी पण एवढी मापं घेतली नव्हती हो," ते म्हणायचे. "टॉवरचं काम तुमच्या पोरांनाच द्या. निदान भिंती तरी सरळ येतील."

समोरच्या चाळी पडून तिथे पत्र्यांमागे टॉवर चढत होता. या चाळीतलीही निम्मी घरं भाड्याच्या जागेत निघून गेली होती, त्यामुळे बालवाडीत मुलं थोडीच उरली होती. बाईंना त्याची खंत होती, पण तक्रार नव्हती. थोडी मुलं असली की प्रत्येकाच्या हातात वस्तू जास्त वेळ राहते, असा त्यांनी हिशेब मांडला होता. बाईंनी बी.एस्सी.ला गणित घेतलं होतं. मग लग्न, सासूचं आजारपण आणि नंतर ही बालवाडी. त्या गणिताचं पुढे काय केलंत, असं कोणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "बारीक केलं."

त्या बारीक केलेल्या गणिताचं सगळ्यात मोठं फळ त्यांना त्या वर्षी दिवाळीच्या आधी मिळालं, आणि त्याचंच पुढे सगळं महाभारत झालं.

शंकरपाळ्यांचा दिवस होता. बाईंनी घरून मळून आणलेलं पीठ मुलांनी जमेल तसं लाटलं. मग बाईंनी मुलांचे हात धरून बोथट सुरीने कापायला शिकवलं. आधी सगळ्या रेघा एकीकडून. मग दुसऱ्या बाजूने तिरक्या मारल्या की होतो शंकरपाळा, आणि सरळ मारल्या की चौरस. शंकरपाळ्याचे दोन कोपरे टोकदार, दोन पसरट, काडेपेटी एकालाही बसत नाही. चौरसाचे चारही शहाणे. शंकरपाळ्याला इंग्रजीत डायमंड म्हणतात आणि चौरसाला स्क्वेअर, हेही बाईंनी सांगून टाकलं, कारण पुढे इंग्रजी शाळेत जाणारी मुलं होती.

तेवढ्यात चार वर्षांच्या मनवाच्या ताटलीतला एक चौरस घसरून कोपऱ्यावर उभा राहिल्यासारखा पडला.

"हा पण शंकरपाळा," शेजारची पूर्वी म्हणाली. ही पूर्वी म्हणजे बालवाडीतली सगळ्यात लहान, नुकतीच तीन पुरी केलेली.

मनवाने लगेच हो म्हटलं नाही. तिने गळ्यातली काडेपेटी त्या तुकड्याच्या कोपऱ्यावर धरली. मग दुसऱ्या कोपऱ्यावर. पिठाचे डाग पडलेलं तोंड वर करून ती म्हणाली, "बसतोय. चौरसच आहे हा. नुसता वेगळा झोपलाय."

बाईंच्या अंगावर काटा आला. वर्षानुवर्षं मुलं त्या जागी फसत. मोठी माणसंही फसतात. बाईंनी हातातली सुरी ठेवली, कॅरम ओढत मधे आणला आणि त्याच्या एका कोपऱ्यावर तोलून उभा धरला.

"आता हा कोण?"

"पतंग! पतंग!" सगळे ओरडले.

मनवा उठली, कॅरमच्या बाजूच्या कोपऱ्याला काडेपेटी लावून आली आणि सगळ्यांना दटावत म्हणाली, "पतंग काय? उभा केला म्हणून काय झालं? कॅरमच आहे."

त्या दिवशी घरी जाताना बाईंनी अजितरावांसाठी भजी घेतली. अजितराव म्हणजे त्यांचे यजमान, पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं तर बाईंना नीट सांगताच येईना. "एका पोरीला कळलं," एवढंच म्हणाल्या.

मनवाची आई आकांक्षा. परळला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करायची. तीही लहानपणी याच खोलीत बाईंच्या हाताखाली काडेपेटी घेऊन हिंडलेली. दिवाळी संपल्यावर ती एक दिवस कामावर जाता जाता चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आली.

"बाई, दादरच्या शाळेत इंटरॅक्शन आहे मनवाचं. मुलाखत म्हणायचं नाही, इंटरॅक्शन म्हणायचं. हीच कार्डं दाखवतात म्हणे. तेवढी फक्त करून घ्या ना. मला घरी यायलाच आठ होतात."

बाईंनी दुपारी कार्डं चाळली. रंग, फळं, प्राणी, आकार. डायमंडच्या कार्डावर त्यांचा हात थांबला. सवयीने त्यांनी टेबलावरची काडेपेटी त्या आकृतीच्या कोपऱ्यावर ठेवली. बसली. चारही ठिकाणी बसली. कोणीतरी चौरस घेऊन तो कोपऱ्यावर उभा केला होता आणि खाली डायमंड असं छापलं होतं.

हे आकांक्षाला सांगायला हवं, असं बाईंना वाटलं. आणि मग वाटलं, काय सांगायचं? पोरीला जे कळलंय ते उलटं करायचं? त्यांनी रंग करून घेतले, फळं करून घेतली, 'माय नेम इज मनवा' पाठ करून घेतलं. डायमंडचं कार्ड तेवढं कपाटात, उमेदवाराच्या तक्त्यावर ठेवून दिलं. विचारायची वेळ आली तर शाळेतलं माणूसही शिकलेलं असेलच की, असा विश्वास त्यांनी स्वतःला दिला. त्या विश्वासात थोडा तोराही होता, आणि तो त्यांना ठाऊक होता.

इंटरॅक्शनच्या दुसऱ्या दिवशी आकांक्षा आली ती चपला न काढताच आत शिरली. मुलं डबे खात होती. मनवा तिच्या मागे, कालच्याच नव्या फ्रॉकमध्ये.

"बाई, माझ्या पोरीने तिथे काय विचारलं माहितेय? 'तुमच्याकडे काडेपेटी आहे का?'"

बाई उठून उभ्या राहिल्या.

"सगळं छान चाललं होतं. नाव सांगितलं, ॲपल सांगितलं, यलो सांगितलं. मग मिसने ते कार्ड धरलं. व्हॉट शेप इज धिस? ही म्हणाली, स्क्वेअर. मिस म्हणाली, लूक अगेन बेटा. हिने काय करावं? खुर्चीवरून उतरली, मिसच्या हातातून कार्ड काढून घेतलं, टेबलावर ठेवून फिरवलं आणि म्हणाली, स्क्वेअर. मिसने परत उभं धरलं. हिने परत फिरवलं. मिसने परत उभं धरलं. आणि मग ते काडेपेटीचं! मिस आमच्याकडे बघून विचारते, तुम्ही घरात एवढ्या मुलीच्या हातात काडेपेटी देता?"

"अगं, मग सांगायचं ना..."

"सांगितलं ना हिच्या बाबाने, वैभवने. नाही नाही मिस, रिकामी असते, गळ्यात घालतात, म्हणाला. म्हणजे अजूनच शोभा! ती बाजूची मॅडम हसायला लागली. आज सकाळी मेसेज आला. सॉरी."

मनवा कॅरमच्या कडेवरून बोट फिरवत उभी होती.

"आकांक्षा," बाई हळू म्हणाल्या, "तो स्क्वेअरच होता."

"मला माहितेय!" आकांक्षाचा आवाज चिरकला. "मी कुठे शिकले? इथेच ना? कार्ड बघितल्या बघितल्या मला कळलं होतं. तिथे खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन गप्प बसले होते मी. बाहेर आईबापांची रांग लागलेली. मी काय सांगणार होते, तुमचा डायमंड चुकलाय म्हणून?"

"सांगितलं असतंस तर..."

"तर काय? त्यांनी कार्ड बदललं असतं आणि पोरीला घेतलं असतं?" ती थांबली, दम खाऊन म्हणाली, "बाई, तुम्हाला बरोबर असणं परवडतं. तुम्हाला कुठे ॲडमिशन घ्यायचंय? उद्या त्या टॉवरमध्ये जाऊ आम्ही. विकायच्या टॉवरमधली, पैसेवाल्यांची पोरं बाजूच्याच गार्डनमध्ये असतील. ती हिच्याशी कोणत्या भाषेत बोलणार आहेत? सासूबाई त्यांच्या मालवणीत म्हणतात, चेडवाक घेऊक नाय तर काय झाला, म्युन्शिपालटीची शाळा असा ना. त्यांना काय! त्यांचा मुलगा शिकला तिथे आणि आज इंग्रजी फोन आला की मोबाईल माझ्या हातात देतो."

आकांक्षाने पर्समधून दुसरा गठ्ठा काढला. तीच कार्डं, नवीन.

"पुढच्या शनिवारी माहीमच्या शाळेत आहे. तिथेही हेच असणार. तुम्हीच घातलंत तिच्या डोक्यात, तुम्हीच काढा."

जाताना ती दारात वळली. रडत नव्हती. रडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. "पहिला गठ्ठा दिला होता तेव्हा तुम्ही हे कार्ड बघितलं होतं ना, बाई?"

"बघितलं होतं."

"मग मला एकदा सांगायचंत," आकांक्षा म्हणाली. "मी ठरवलं असतं."

दुपारी अजितरावांनी चहा टाकला. बाईंनी सगळं सांगितलं. अजितरावांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"कोर्टात असंच असायचं," ते म्हणाले. "पढवलेला साक्षीदार सोपा. सांगशील तेवढं बोलतो, खाली उतरतो. कठीण कोण? ज्याने डोळ्यांनी बघितलंय तो. वकील त्याला घाबरतो. त्याला आधी बघितलेलं विसरायला लावायला लागतं."

"मग कसं लावायचे विसरायला?"

"ते काही चांगलं काम नव्हतं," अजितराव म्हणाले आणि टीव्ही लावला.

सोमवारी मुलं घरी गेल्यावर बाईंनी मनवाला थांबवून घेतलं. गंगाधरकाका दाराशी पेपर घेऊन होतेच. बाईंनी कार्ड पुढे धरलं. मनवाचा हात आपोआप पुढे आला आणि कार्ड फिरलं.

"फिरवायचं नाही."

"का?"

"शाळेतल्या मिसना तसं आवडत नाही."

"पण तुम्हीच म्हणता ना, हात लावून बघा."

"इथे म्हणते. तिथे नाही." बाईंनी कार्ड पुन्हा उभं धरलं. "असा धरला की याला डायमंड म्हणायचं."

मनवाने विचार केला. तिच्या कपाळावर विचाराची खरी आठी पडायची. "आणि असा धरला की?" तिने कार्ड फिरवलं.

"स्क्वेअर."

"फिरवताना मधे कोण असतो?"

बाहेर गंगाधरकाकांचा पेपर खाली आला. बाईंना हसू आलं असतं, एरवी. एरवी त्यांनी ही गोष्ट महिनाभर सगळ्यांना सांगितली असती.

"मिसना आपली काडेपेटी देऊ या," मनवा म्हणाली. गळ्यातला दोरा काढून तिने ती बाईंपुढे धरली. "माझी द्या. मला दुसरी करा."

बाईंनी ती घेतली आणि कपाटात टाकली.

मंगळवारी त्यांनी कार्ड चिकटपट्टीने भिंतीला लावलं, पोरीचा हात पोहोचणार नाही इतकं वर. मनवा त्याच्यासमोर उभी राहिली. हात पुढे करून पाहिला, पोहोचला नाही. मग तिने मान वाकडी केली. कान खांद्याला टेकेल इतकी. आणि त्या वाकड्या मानेने हसून म्हणाली, "स्क्वेअर!"

कार्ड फिरत नसेल तर आपण फिरायचं, हे बाईंनी शिकवलं नव्हतं. हे पोरीने स्वतः शोधलं होतं. त्यांनी पुढे होऊन मनवाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि सरळ केलं.

"मान सरळ. हात मागे. काय आहे?"

"स्क्वे..."

"हात मागे म्हटलं ना! काय आहे?"

हातांमध्ये धरलेलं ते लहानसं डोकं पुन्हा कलायला बघत होतं. बाईंच्या तळव्यांना ते ढकलणं कळत होतं. त्यांनी जोर वाढवला. दुखेल इतका नाही, पण पोरीला कळेल इतका. मनवाचे डोळे भिंतीवरच्या कार्डावरून बाईंच्या चेहऱ्याकडे आले आणि तिथेच राहिले. उत्तर आता कुठे आहे ते तिला समजलं असावं.

"डायमंड," ती म्हणाली.

"शाब्बास," बाई म्हणाल्या.

बुधवारी मान धरावी लागली नाही. गुरुवारी मनवा खोलीत आली तीच हात मागे बांधून. शुक्रवारी बाईंनी कार्ड दाखवायच्या आधीच तिने "डायमंड" म्हटलं आणि बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. गंगाधरकाका हल्ली बालवाडी सुटली की किल्ली खिळ्याला अडकवून परस्पर निघून जायला लागले होते.

माहीमच्या शाळेत मनवाला घेतलं.

आकांक्षा पेढे घेऊन आली. अर्ध्या दिवसाची रजा काढून, चांगली साडी नेसून, केसांत गजरा माळून आली. बाईंच्या पाया पडली. "बाई, त्या दिवशी मी खूप बोलले," म्हणाली. "पण तुम्ही मनावर घेतलंत. मिस काय म्हणाली ऐका, व्हेरी वेल बिहेव्ड चाइल्ड. एकदाही हात हलवला नाही हिने!"

खोलीत आकारांचाच तास चालू होता. गंगाधरकाकांनी कॅरम कोपऱ्यावर उभा धरला होता आणि मुलं एकेक करून काडेपेटी लावून पाहत होती. "बसला!" "बसला!" मनवा आईच्या शेजारी उभी होती, हात मागे, मान ताठ. तिच्या गळ्यात काही नव्हतं.

"सांग ना बाईंना," आकांक्षा म्हणाली. "मनू, तो बघ कॅरम. व्हॉट शेप इज धिस?"

"डायमंड," मनवा म्हणाली. कॅरमकडे न बघता.

"चूक!" पूर्वी ओरडली. ती कॅरमच्या बाजूच्या कोपऱ्याशी काडेपेटी धरून उभी होती. "बाई, ही चुकली! माझी काडेपेटी बसलीय! बाई, बघा ना, बसलीय!"

सगळी मुलं बाईंकडे बघायला लागली. कॅरम धरलेल्या गंगाधरकाकांनीही पाहिलं. आकांक्षाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त हातातला पेढ्यांचा बॉक्स मधेच थांबला होता. आणि मनवा बघत होती. बाईंच्या तोंडाकडे, त्या आठवड्यात तिला शिकवलं होतं तसं.

बाईंना वाटलं, आता कॅरमपाशी जावं, मनवाचे हात मागून सोडवावेत, दोन्ही हात धरून त्या लाकडी कडेवर ठेवावेत. शाळा सुरू व्हायला अजून महिने होते. पण शाळेत ते कार्ड पुन्हा निघणार होतं. आणि या पोरीला आत्ता खरं सांगितलं तर ती ते खरं धरून बसणार, हे बाईंइतकं कोणाला माहीत नव्हतं.

"बरोबर आहे मनवाचं," बाई म्हणाल्या.

मनवाने श्वास सोडला. आकांक्षाने पेढा बाईंच्या तोंडाशी आणला आणि त्यांना तोंड उघडावं लागलं. गंगाधरकाकांनी कॅरम आडवा केला, भिंतीला टेकवला आणि ते बाहेर जाऊन बसले.

पूर्वी तिथेच उभी होती. तिने आधी कॅरमकडे पाहिलं, मग हातातल्या काडेपेटीकडे. ती डोळ्यांजवळ नेऊन तिने तिचे कोपरे एकेक करून बोटाने चाचपले. दोरा डोक्यातून काढला. बाईंजवळ आली.

"बाई," ती म्हणाली, "माझी काडेपेटी वाकडी झालीय. मला दुसरी द्या."